फ्रिजवरचा जुना कागद : डायलिसिस सुरू झाल्यावर काय खायचं

आमच्या डायलिसिस युनिटमध्ये दुपारच्या पाळीला एक काका येतात. काही महिन्यांपूर्वी एकदा त्यांना विचारून मी त्यांचा डबा उघडला. वरच्या कप्प्यात मऊ भात, खालच्यात दुधीची अळणी भाजी, कागदात गुंडाळलेले दोन फुलके. डाळ नाही, दही नाही, अंडं नाही. बाहेर बाकावर बसलेल्या काकूंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "दोन वर्षं झाली, यांच्यासाठी घरात डाळ शिजवलीच नाही मी. डॉक्टरांनी लिहून दिलंय ना. फ्रिजवर लावून ठेवलाय कागद."

कागद खरा होता आणि त्यावर लिहिलेलंही बरोबर होतं. फक्त तो लिहिला तेव्हा काकांचं डायलिसिस सुरू झालेलं नव्हतं. मी डबा बघितला तेव्हा डायलिसिसला सात महिने झाले होते, काका आठवड्यातून तीनदा मशीनवर येत होते आणि कागद तोच होता. काकूंची यात काहीच चूक नाही. त्यांनी सांगितलेलं पथ्य जिवापाड पाळलं. डायलिसिस सुरू झाल्यावर पथ्य बदलतं आणि काही बाबतीत अगदी उलटं होतं, हे त्यांना कुणी बसवून सांगितलंच नाही. मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते आणि हा जुना कागद मला इतक्या घरांमध्ये भेटलाय की आज सगळं सविस्तर लिहायचं ठरवलं.

आधी प्रोटीन कमी का करायला सांगतात ते बघू. डाळ, दूध, अंडं, मासे यांतलं प्रोटीन शरीरात वापरलं गेलं की त्यातून युरिया आणि तशीच इतर टाकाऊ द्रव्यं तयार होतात. ती बाहेर काढणं हे किडनीचं काम. किडनी थकलेली असताना प्रोटीन कमी खाल्लं तर तिच्यावरचा भार हलका होतो. इटलीत 1963-64 च्या सुमारास जोर्दानो आणि जोव्हानेत्ती या डॉक्टरांनी अगदी थोडं पण चांगल्या प्रतीचं प्रोटीन देणारा आहार मांडला. तेव्हा कायमचं डायलिसिस नुकतंच कुठे सुरू झालं होतं. अमेरिकेत सिएटलला 1960 मध्ये क्लाइड शील्ड्स नावाच्या माणसावर ते पहिल्यांदा साधलं आणि तो पुढे अकरा वर्षं जगला. पण मशीन मोजक्यांनाच मिळायचं. बाकीच्यांना आहारावरच दिवस काढावे लागत. त्या काळचा धडा आजही लागू आहे, मात्र डायलिसिस सुरू होण्याआधीच्या रुग्णांना. त्यांना साधारणपणे वजनाच्या दर किलोमागे 0.6 ते 0.8 ग्रॅम प्रोटीन सांगतात.

डायलिसिस सुरू झालं की हाच आकडा 1 ते 1.2 ग्रॅमवर जातो. म्हणजे जवळजवळ दीडपट ते दुप्पट.

कारण मशीनच्या त्या लांबट नळकांड्यात, ज्याला सगळे डायलायझर म्हणतात, एक फार बारीक चाळण असते. रक्त एका बाजूने जातं, पाणी दुसऱ्या बाजूने. चाळणीतून युरिया जातो, पोटॅशियम जातं, जादा पाणी जातं. पण चाळणीला चांगलं-वाईट कळत नाही, तिला फक्त कण लहान की मोठा एवढंच कळतं. प्रोटीन ज्या बारीक तुकड्यांपासून बनतं ती अमिनो आम्लं लहान असतात, तीही निघून जातात. चार तासांच्या एका डायलिसिसमध्ये साधारण 6 ते 12 ग्रॅम. त्याशिवाय नळ्यांमध्ये थोडंफार रक्त राहतं, वरचेवर तपासणीला रक्त जातं, आणि मशीनवर असताना शरीर स्वतःचे स्नायू मोडायला लागतं. पोटातलं डायलिसिस, म्हणजे सीएपीडी, करणाऱ्यांचं तर रोज 5 ते 15 ग्रॅम प्रोटीन त्या पिशवीतल्या पाण्याबरोबर जातं. रोज घडा गळतोय आणि भरणं मात्र जुन्या हिशोबाने अर्धंच चाललंय, अशी ही स्थिती. जुना कागद घातक ठरतो तो इथे.

एवढं होऊनही कुणाच्या लक्षात कसं येत नाही? याचं उत्तर फार फसवं आहे. काकांचं वजन सात महिन्यांत हललंच नव्हतं. डायलिसिसनंतर अंगात जादा पाणी नसताना जे वजन असायला हवं त्याला ड्राय वेट म्हणतात, आणि काकांच्या फाइलवर ते पहिल्या दिवसापासून 56 किलो लिहिलेलं होतं. पण शरीरात मांस कमी होत होतं आणि तेवढीच जागा पाण्याने भरून निघत होती. काटा दाखवतो एकूण वजन. त्यातलं मांस किती आणि पाणी किती, ते काटा सांगत नाही. परिणाम असा की रुग्ण आतून खंगत जातो, वजन तेच दिसतं, आणि अंगात दीड-दोन किलो पाणी कायमचं मुक्काम करतं. बीपी उतरत नाही, रात्री आडवं झालं की धाप लागते, आणि सगळ्यांना वाटतं हे पाणी जास्त पितात.

म्हणून मी काट्याआधी हात बघते. आमच्याकडे येणाऱ्या एका मावशींच्या बांगड्या, ज्या एकेकाळी साबण लावून चढवाव्या लागत होत्या, त्या हात वर केला की कोपरापर्यंत घसरायच्या. मावशी म्हणायच्या, "वजन तर तेवढंच आहे की." बांगड्या खरं बोलत होत्या. घरच्यांनी बघण्यासारख्या अशाच खुणा: अंगठा आणि तर्जनीमधला भाग खोल गेलाय का, कानशिलं बसलीत का, पँटचा पट्टा दोन भोकं आत गेलाय का, खुर्चीवरून उठताना हाताचा टेकू लागायला लागलाय का, बरणीचं झाकण उघडत नाही का. यातलं काही दिसलं तर पुढच्या डायलिसिसला डॉक्टरांना सांगून ड्राय वेट पुन्हा तपासून घ्या.

रक्तात अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन तपासतात. ते 4 किंवा त्याहून वर असलेलं बरं. ते खाली गेलेल्या रुग्णांना इस्पितळात दाखल व्हायची वेळ जास्त येते आणि जिवालाही धोका वाढतो, हे जगभरात वर्षानुवर्षं दिसलेलं आहे. मात्र अल्ब्युमिन कमी म्हणजे खाणंच कमी, असं लगेच ठरवू नये. मानेतल्या कॅथेटरला (डायलिसिससाठी घातलेल्या नळीला) संसर्ग, दातांमधला पू, अंगात जादा पाणी, डायलिसिस पुरेसं न होणं, यांनीही ते खाली येतं. मग कितीही अंडी खाल्ली तरी मूळ कारण बरं झाल्याशिवाय आकडा चढत नाही.

आता हिशोब करू, कारण "प्रोटीन वाढवा" म्हणून सोडून देण्यात काही अर्थ नाही. 55 किलोच्या माणसाला रोज 55 ते 66 ग्रॅम प्रोटीन हवं. चार मध्यम पोळ्यांत साधारण 12 ग्रॅम मिळतं. मूठभर तांदळाच्या भातात 4. कच्ची 30 ग्रॅम डाळ, म्हणजे शिजून एक वाटी घट्ट वरण, त्यात 7. लहान वाटीभर दह्यात साडेतीन. झाले साडेसव्वीस. इथपर्यंत साधं घरगुती जेवण आपल्याला आणतं. निम्मा रस्ता अजून बाकीच आहे. तीन अंड्यांचं पांढरं धरलं तर साडेदहा मिळतात. शंभर ग्रॅम चिकन किंवा ताजा मासा घेतला तर 20 च्या आसपास. आलो 57 वर.

शाकाहारी घरात काय करायचं? पनीर 50 ग्रॅम घेतलं तर 9 ग्रॅम, सोयाबीनच्या वड्या 30 ग्रॅम घेतल्या तर 15. वड्या गरम पाण्यात भिजवून दोनदा पिळून घ्यायच्या आणि ते पाणी टाकून द्यायचं. थोडी मटकीची किंवा मुगाची उसळ, अर्धा कप दूध. जमतं, फक्त रोज जाणीवपूर्वक मांडावं लागतं. अंडं चालत असेल तर मी हटकून अंड्याच्या पांढऱ्यावर जोर देते. प्रोटीन उत्तम दर्जाचं, फॉस्फरस जवळजवळ नाहीच, आणि खिशाला परवडतं. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेतून डायलिसिस होतं म्हणून कितीतरी कुटुंबं तरली आहेत, पण डब्यातला खर्च घरच्यांनाच करायचा असतो, आणि घरातला कमावता माणूसच मशीनवर असेल तर मासे-पनीर रोज कुठून आणणार? माझ्या मते अशा वेळी रोजची तीन अंडी ही महागड्या प्रोटीन पावडरच्या डब्यापेक्षा कधीही सरस. पावडर घ्यायचीच तर आपल्या डॉक्टरांना विचारून, डायलिसिसच्या रुग्णांसाठी बनवलेलीच घ्या. व्यायामशाळेतल्या पोरांची पावडर नको, तिच्यात पोटॅशियम-फॉस्फरस किती आहे याचा भरवसा नसतो.

यात एक मेख आहे. प्रोटीन खाल्लं पण एकूण खाणंच तुटपुंजं असलं, तर शरीर ते प्रोटीन स्नायू बांधायला न वापरता जाळून टाकतं. सागाच्या तुळया चुलीत घालण्यासारखं आहे ते. म्हणून पोटभर उष्मांकही हवेत, किलोमागे रोज 25 ते 35, म्हणजे 55 किलोच्या माणसाला सोळाशे-सतराशेच्या घरात. पोळीला तूप लावा, भाजीला तेल पुरेसं घाला, मधुमेह नसेल तर शिरा, साखर घातलेला पोळीचा लाडू खुशाल द्या. वर्षानुवर्षं "तेल-तूप कमी" ऐकलेल्या घरात हे पटायला वेळ लागतो, मला माहीत आहे. पण डायलिसिसवरच्या रुग्णांमध्ये किरकोळ अंगाच्या माणसांपेक्षा थोडी अंगाने भरलेली माणसं जास्त तग धरतात, असं अभ्यासांमधून पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. हृदयविकार असेल तर तेलातुपाचं प्रमाण डॉक्टर सांगतील, पण उपाशी ठेवू नका.

आणि डायलिसिसच्या दिवशीचं जेवण तर चुकवूच नका. सकाळी सहाची एसटी धरून यायचं, चार तास मशीन, मग चक्कर आणि थकवा, घरी पोचेपर्यंत तीन वाजलेले, आणि "आता नको, झोपतो" म्हणत रात्र होते. आठवड्यातून तीन दिवस असं घडलं तर महिन्याला बारा-तेरा जेवणं गेली. सकाळी निघताना खाऊन या, डबा सोबत ठेवा. मशीनवर असताना काहींचं बीपी खाल्ल्यावर पडतं, त्यांनी सुटल्यावर लगेच खावं. ज्यांना त्रास होत नाही त्यांना तिथेच थोडं खाऊ द्यायला बरीच युनिटं परवानगी देतात. टेक्निशियनला विचारा.

आता मीठ आणि पाणी. सगळे पाण्यावर पहारा ठेवतात, मी मिठावर ठेवायला सांगते. किडनी बंद असताना खाल्लेलं मीठ अंगातच राहतं, आणि शरीर रक्ताचा खारटपणा आहे तेवढाच ठेवण्यासाठी तहान लावतं. साधारण 8 ग्रॅम मिठाला एक लिटर पाणी असा तो हिशोब आहे. म्हणजे दिवसभरात दीड चमचा मीठ पोटात गेलं तर माणूस एक लिटर पाणी पिणारच. त्याला ओरडून उपयोग नाही. तहान ही जिद्दीने थोपवायची गोष्टच नाही. दिवसाचं मीठ सगळं मिळून 5 ग्रॅम, म्हणजे एक सपाट छोटा चमचा. मी घरच्यांना सांगते, सकाळी तेवढं मीठ एका डबीत काढून ठेवा आणि रुग्णाचं सगळं त्यातूनच करा. कणकेत आणि भातात मीठ घालूच नका, ते भाजीत घाला, तिथे चव लागते. लिंबू, जिरं, मिरी, लसूण, कढीपत्त्याची फोडणी यांनी बरंच भागतं. पापड हा डोळ्यांना हलका दिसतो, पण त्यात मीठही असतं आणि पापडखारही. लोणचं, फरसाण, सुकट, खारा बांगडा, पाकिटातलं सूप, बेकरीची खारी, ही सगळी मिठाची गाठोडी आहेत. सैंधव "चांगलं" म्हणून वापरणाऱ्यांना एवढंच सांगते की तेही मीठच आहे, तहान तितकीच लावतं.

पाण्याचं माप सोपं आहे: चोवीस तासांत जेवढी लघवी होते तेवढं, अधिक साधारण अर्धा लिटर. चहा, ताक, आमटी, पेज, बर्फ, कलिंगड सगळं त्यात धरायचं. लघवी पूर्ण बंद झालेल्या माणसाच्या वाट्याला फार थोडं येतं, आणि उन्हाळ्यात विदर्भातल्या घरात बसून ते पाळणं किती अवघड असेल याची कल्पना मी करू शकते. सकाळी दिवसभराचं पाणी बाटलीत भरून ठेवा, प्यायल्यावर किती उरलं ते बाटलीत बघा. मोठ्या तांब्याऐवजी लहान वाटी वापरा. गोळ्या जेवणाच्या घासाबरोबर घ्या म्हणजे पाणी वाचतं. तोंड कोरडं पडलं की लवंग किंवा वेलदोडा चघळा, चूळ भरून टाका. मधुमेह असेल तर आधी साखर बघा, कारण वाढलेल्या साखरेनेही तहान लागते. दोन डायलिसिसच्या मधे वजन ड्राय वेटच्या चार-साडेचार टक्क्यांपेक्षा जास्त वाढू नये. 55 किलोच्या माणसाचं साधारण सव्वादोन ते अडीच किलो. साडेतीन-चार किलो घेऊन आलं की चार तासांत ते ओढून काढावं लागतं. बीपी पडतं, पायांत गोळे येतात, आणि हृदयाला दर वेळी थोडी इजा होते.

पोटॅशियमबद्दल मात्र खरी भीती बाळगायला हवी. मीठ जिभेला कळतं, पाणी सुजेवरून कळतं, पोटॅशियम काहीच कळू देत नाही. रक्तात ते 3.5 ते 5 असावं. साडेपाचपर्यंत डॉक्टर थोडं चालवून घेतात. सहाच्या वर गेलं की हृदयाचा ठोका चुकू शकतो, आणि कधीकधी तीच पहिली खूण असते. ज्यांचं डायलिसिस सोमवार-बुधवार-शुक्रवार आहे त्यांना शनिवार-रविवारची मोठी सुट्टी मिळते, आणि ह्या दोन दिवसांच्या खाड्यानंतरचा दिवस सर्वांत धोक्याचा असतो, हे अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासातही 2011 मध्ये दिसून आलं. आपल्याकडे नेमकं रविवारी पाहुणे येतात, आमरस होतो, मटणाचा रस्सा होतो. आठवड्यातून दोनदाच डायलिसिस होत असेल तर हा खाडा आणखी लांब, म्हणून त्यांना हात आणखी आखडता घ्यावा लागतो.

उपवासाचं ताट तर मी समोर मांडूनच दाखवते. आषाढी एकादशी धरा. साबुदाण्याच्या खिचडीत साबुदाणा बिचारा निर्दोष, त्यात पोटॅशियम जवळपास नाही. पण शंभर ग्रॅम बटाटा आणि मूठभर दाण्याचं कूट यांचं मिळून सहाशे मिलिग्रॅम होतं. वर एक केळं, साडेतीनशेच्या पुढे. दुपारी उकडलेलं रताळं, तेही तेवढंच. चार-पाच खजूर, अडीचशे. संध्याकाळी अशक्तपणा वाटतो म्हणून शहाळं, पाचशे ते सातशे. झालं दोन ग्रॅम पार, आणि दिवसभराची मर्यादाच बहुतेकांची दोन-अडीच ग्रॅम असते. त्यात प्रोटीन नावाला. उपवास करायचाच असेल तर भगर, तूप घालून, सोबत दही घ्या. आमच्या एका आजींनी तर एकादशीला साबुदाण्याची खीर आणि पनीर असा मार्ग स्वतःच शोधला. पण औषधं चालू असताना, आणि विशेषतः इन्सुलिनवर असताना, उपवास न केलेलाच बरा, असं मी स्पष्ट सांगते. उपाशी राहिलं की पेशी मोडतात आणि त्यांच्यातलं पोटॅशियम रक्तात उतरतं, म्हणजे काही न खाताही ते वाढू शकतं.

शहाळं हा तर आपल्याकडचा रुग्णाला भेटायला जातानाचा शिष्टाचार. डायलिसिसच्या रुग्णाकडे जाताना शहाळं, मोसंबी, केळी नेऊ नका. सफरचंद, नासपती किंवा अननसाच्या थोड्या फोडी चालतील, दिवसाला एक लहान वाटी. आणि कमरख, ज्याला कोकणात करंबळ म्हणतात, ते आंबट ताऱ्याच्या आकाराचं फळ अजिबात नको, एक फोडही नको. त्यातलं विष निरोगी किडनी बाहेर टाकते. किडनी नसेल तर ते मेंदूवर चढतं. आधी न थांबणारी उचकी लागते, मग भ्रम, झटके, आणि मृत्यूही झालेले आहेत.

भाज्या सोडायच्या नसतात, पाणी सोडायचं असतं. पोटॅशियम पाण्यात उतरतं. बटाटा, सुरण, पालेभाजी सोलून-चिरून कोमट पाण्यात भिजवा, ते पाणी ओता, मग भरपूर ताज्या पाण्यात उकळा आणि तेही ओता, नंतर फोडणी द्या. कुकरमध्ये शिजवलं तर पोटॅशियम आतच राहतं, म्हणून उघडं पातेलं. डाळही अशीच शिजवा आणि वरचं पाणी काढून टाका. इथे आपली सुगरणीची सवय आड येते. पुरणाची डाळ शिजवून उरलेलं पाणी आपण टाकत नाही, त्याची कटाची आमटी करतो. ती आमटी म्हणजे डाळीतलं सगळं पोटॅशियम वाटीत गोळा करून देणं. रुग्णाला डाळ द्या, कट घरच्यांनी प्या. दुधी, दोडका, पडवळ, तोंडली, कोबी, काकडी यांत मुळातच कमी असतं.

आणखी दोन गोष्टी इथेच सांगते. दुकानात "कमी सोडियमचं मीठ" मिळतं, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं. बीपीसाठी चांगलं म्हणून मुलगा प्रेमाने घेऊन येतो, आणि वडिलांचं पोटॅशियम साडेसहावर जातं. पाकिटावर पोटॅशियम क्लोराइड असं लिहिलेलं दिसलं की ठेवून द्या. आणि शेजारीपाजारी, मोबाइलवर सुचवलेले काढे, गव्हांकुराचा रस, नोनीचा रस हे सगळं पाणीही आहे आणि पोटॅशियमही. मधुमेहींची साखर अचानक उतरली तर संत्र्याचा रस देऊ नका, ग्लुकोज पावडर किंवा साखर द्या. किडनी बंद झाल्यावर इन्सुलिन अंगात जास्त वेळ टिकतं, म्हणून साखर उतरण्याचे प्रसंग वाढतात. औषधाचा डोस डॉक्टरांकडून पुन्हा ठरवून घ्या.

फॉस्फरसची गोष्ट सावकाशीची आहे. ते वाढलं की अंगाला खाज सुटते, हाडं ठिसूळ होतात, रक्तवाहिन्यांमध्ये चुना साठतो. डायलिसिसने ते पुरेसं निघत नाही. प्रोटीनच्या पदार्थांबरोबर ते येतंच, म्हणून काही जण घाबरून पुन्हा डाळ-अंडं बंद करतात, आणि आपण परत जुन्या कागदावर येतो. तसं करू नका. धान्य-डाळींमधलं फॉस्फरस आतड्यात निम्म्याहूनही कमी शोषलं जातं. कारखान्यात घातलेलं मात्र जवळपास सगळं शोषलं जातं: काळी शीतपेयं, प्रोसेस्ड चीज, गोठवलेले कबाब-नगेट्स. पाकिटावर 338 ते 341 किंवा 450 ते 452 असे आकडे दिसले तर ते फॉस्फेट समजा. सेव्हेलामर किंवा कॅल्शियम ॲसिटेटची गोळी दिली असेल तर ती जेवताना, घासांच्या मधे घ्यायची. ती अन्नातलं फॉस्फरस पोटातच धरून ठेवते. रिकाम्या पोटी घेतलेली गोळी धरणार कुणाला? काका ती रात्री झोपताना घेत होते, इतर गोळ्यांबरोबर.

बी आणि सी जीवनसत्त्वं मशीनमधून निघून जातात, त्यांची गोळी डॉक्टर देतात, तीच घ्या. बाजारातल्या मल्टिव्हिटॅमिनमध्ये ए असतं, ते साठून बाधतं. सीएपीडीच्या पिशवीतून साखर अंगात जाते, म्हणून तिथे उष्मांकांचा हिशोब वेगळा लागतो. बद्धकोष्ठ अंगावर काढू नका, किडनी बंद असताना थोडं पोटॅशियम शौचावाटेच बाहेर जातं.

काकांचं ड्राय वेट डॉक्टरांनी हळूहळू उतरवत 54 वर आणलं, तेव्हा कुठे त्यांची रात्रीची धाप थांबली. मग दोन महिन्यांनी ते अर्धा किलो वाढवलं, आणि ती वाढ मांसाची होती. आता डब्यात घट्ट वरण असतं, दही असतं, आणि तीन उकडलेली अंडी, पांढरीच फक्त. पहिल्या दिवशी काकूंनी मला विचारलं होतं, "पिवळं टाकून देऊ? जिवावर येतं हो." नातू आठ वर्षांचा आहे, त्याला द्या म्हटलं. फ्रिजवर नवा कागद लावलाय. त्याच्या वरच्या कोपऱ्यात मी मुद्दाम तारीख टाकली आहे आणि खाली लिहिलंय की पुढचा रिपोर्ट आला की हा कागद काढून घेऊन यायचा.